तद्विद्यसंभाषेचा तास कोठे गेला?

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने ज्ञान कसे मिळवावे, या प्रश्नाचे उत्तर चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या, म्हणजे रोगभिषग्जितीय अध्यायात स्पष्टपणे दिलेले आहे. अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय आचार्यांनी तेथे सांगितले आहेत. विद्यार्थ्याने पहाटे उठून ग्रंथाचा अभ्यास करावा, योग्य शिष्यास शिकवावे आणि आपल्याच शास्त्रातील जाणकारांशी चर्चा करावी. या तिन्ही उपायांचे विवेचन एकापाठोपाठ एक आलेले आहे. त्यांत तद्विद्यसंभाषेस दिलेली जागा सर्वांत मोठी आहे. आज मात्र कोणत्याही आयुर्वेद महाविद्यालयाचे वेळापत्रक हाती घेतले, तर पहिल्या दोन उपायांसाठी तास नेमलेले दिसतात, आणि तिसऱ्याचा तास बहुधा 'परिसंवाद' या नावाने शनिवारच्या दुपारी कोठेतरी सरकवलेला असतो. तोही दोन विद्यार्थ्यांनी पुस्तकातील मजकूर वाचून दाखवायचा आणि बाकीच्यांनी उपस्थिती लावायची, एवढ्यापुरताच.

पदवीच्या वर्गात व्याख्यान असावे की चर्चा, हा वाद जगभर चालू आहे. आमच्या मते आयुर्वेदाच्या क्षेत्रात तो बाहेरून आलेला नाही. तो आपल्या घरचाच आहे आणि त्याचा निकाल आपल्या संहिताकारांनी फार पूर्वी लावून ठेवला आहे. त्या निकालाची अंमलबजावणी का झाली नाही आणि ती करण्यात आपल्यासारख्या व्यवसायी वैद्यांचा व औषधनिर्मात्यांचा वाटा काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आपला का?

महाविद्यालयात कसे शिकवावे हे प्राध्यापकांनी ठरवावे, आपण दवाखाने सांभाळावेत, असे काही सभासदांचे म्हणणे असते. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून बाहेर पडणारा स्नातक अखेर कोठे येतो? तो आपल्याच दाराशी येतो. खडवली, टिटवाळा, वासिंद, आसनगाव अशा कसारा मार्गावरील गावांत किंवा मुरबाड-शहापूरच्या आतल्या पाड्यांत ताप आलेले मूल प्रथम ज्याच्याकडे नेले जाते, तो वैद्य बहुधा आयुर्वेदाचा पदवीधरच असतो. त्याने रोग्यास काय विचारावे, कोणती शंका मनात धरावी, कोणत्या क्षणी रोग्यास कल्याण-ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे, हे सर्व त्याच्या शिक्षणावर अवलंबून असते. साडेचार वर्षे केवळ ऐकलेला मनुष्य पहिल्या दिवशी विचारू लागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणखी एक गोष्ट. नवा स्नातक आयुर्वेदाचा त्याग करून दुसऱ्या शास्त्राच्या औषधांकडे वळतो, तेव्हा आपण त्याच्या श्रद्धेस दोष देतो. आमचे निरीक्षण निराळे आहे. त्याला श्लोक पाठ असतात, द्रव्यांचे गुणकर्म सांगता येतात, कल्पही लिहिता येतात. समोरच्या रोग्याच्या तक्रारीपासून त्या श्लोकापर्यंत जाण्याची वाट त्याच्या पायाखालून कधी गेलेली नसते. ती वाट दाखवणारा तास त्याला मिळालाच नाही. सुश्रुताचार्यांनी अर्थ न समजता ग्रंथ वाहणाऱ्याला चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्याला भार कळतो, चंदन कळत नाही. ही उपमा विद्यार्थ्यास लावून आपण हसतो. परंतु पाठीवर ओझे चढवणारे हात कोणाचे, हेही पाहावयास हवे.

संहितेतील सभा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तीन अध्याय असे आहेत की ते वाचताना आपण एखाद्या चर्चावर्गात बसलो आहोत असे वाटावे. बाराव्या वातकलाकलीय अध्यायात वायूच्या गुणदोषांवर निरनिराळे आचार्य बोलतात. वार्योविद वायूचे शरीरातील व बाह्य जगातील कार्य विस्ताराने सांगतो. त्यावर मरीची विचारतो की, हे सर्व खरे असले तरी वैद्यकाच्या प्रसंगी ते सांगण्याचा किंवा जाणण्याचा उपयोग काय? हा प्रश्न आज एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारला, तर तो उद्धटपणा ठरेल. संहितेत मात्र तो प्रश्न जपून ठेवला आहे आणि वार्योविदाने त्याचे उत्तरही दिले आहे: वायू बलवान, कठोर आणि अतिशीघ्रगामी आहे, त्याला वैद्याने आधी ओळखले नाही, तर प्रकोपाच्या वेळी तो रोग्याचे रक्षण कसे करणार?

पंचविसाव्या यज्जःपुरुषीय अध्यायात पुरुष व रोग यांची उत्पत्ती कशापासून, या प्रश्नावर आत्मा, मन, रस, षड्धातू, मातापिता, कर्म, स्वभाव, प्रजापती आणि काल अशी एकामागून एक मते मांडली जातात. सव्विसाव्या आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात तर रसांच्या संख्येवर सभा भरली आहे. भद्रकाप्य म्हणतो रस एकच. शाकुन्तेय दोन म्हणतो. पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष कौशिक चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, वार्योविद सहा, विदेहाचा निमी सात, बडिश धामार्गव आठ, आणि बाह्लीक देशाचा वैद्य काङ्कायन म्हणतो की रस असंख्य आहेत. सर्वांचे ऐकून झाल्यावर पुनर्वसु आत्रेय बोलतात आणि रस सहाच असल्याचा निर्णय कारणांसह देतात.

यातील दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, ग्राह्य न ठरलेली मतेही ज्याची त्याच्या नावानिशी नोंदवली आहेत. रस सहा आहेत एवढे एक वाक्य लिहून काम भागले असते. तरीही संहिताकारांनी आठ पर्यायी मते टाकून दिली नाहीत. विद्यार्थ्यास निष्कर्ष जितका आवश्यक, तितकीच त्या निष्कर्षापर्यंतची वाटचालही आवश्यक, असा त्यांचा अभिप्राय उघड आहे. दुसरी गोष्ट अशी की, पुनर्वसु सर्वांत शेवटी बोलतात. आचार्य प्रथम बोलले असते, तर भद्रकाप्याने तोंड उघडले नसते. वर्गात चर्चा का होत नाही असे विचारणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने, आपण प्रथम बोलतो की शेवटी, हे एकदा तपासून पाहावे.

तद्विद्यसंभाषेचे फायदे सांगतानाही आचार्य मनुष्यस्वभावाचे मर्म जाणतात. ज्ञान वाढते, बोलण्याचे सामर्थ्य येते, पूर्वी ऐकलेल्यातील संशय फिटतो, न ऐकलेले ऐकावयास मिळते, हे तर खरेच. त्यापुढे ते सांगतात की, गुरूने प्रसन्न होऊन एकट्या शिष्यास सांगितलेला गूढ अर्थ तो शिष्य चर्चेच्या भरात, जिंकण्याच्या हर्षात सर्वांसमोर बोलून जातो. आपल्याकडील कितीतरी अनुभविक योग वैद्याबरोबर लोप पावले, ही खंत आपण संमेलनातून नेहमी ऐकतो. त्यावरचा उपाय आचार्यांनी तेव्हाच सांगून ठेवला आहे.

व्याख्यानाची बाजू

एवढ्यावरून व्याख्यान टाकाऊ आहे असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. संहिता सूत्ररूप आहे. चक्रपाणिदत्त किंवा डल्हण यांच्या व्याख्येवाचून तिच्यातील एकेक पद उलगडत नाही, आणि ती व्याख्या समर्थ अध्यापकाच्या मुखातून ऐकणे हा विद्यार्थ्याचा भाग्ययोगच असतो. सुश्रुतसंहितेतील प्रभाषणीय अध्याय व्याख्यानाच्या आवश्यकतेवरच उभा आहे. ज्याला वाताचे स्थानकर्म ठाऊक नाही, त्याने वातव्याधीवर चर्चा करणे म्हणजे रिकाम्या जात्याची घरघर होय. चर्चेच्या नावाखाली वर्गात गप्पा रंगतात, दोन वाचाळ विद्यार्थी तास खाऊन टाकतात, मागच्या बाकावरील हुशार पण मितभाषी मुलगी वर्षभर गप्प राहते आणि अभ्यासक्रम अपुरा राहतो, हे आक्षेपही निराधार नाहीत.

स्वतः पुनर्वसूंनीही चर्चेची मर्यादा दाखवलेली आहे. यज्जःपुरुषीय अध्यायात सर्वांची मते ऐकल्यावर ते बजावतात की, आपापला पक्ष निश्चित मानून वाद-प्रतिवाद करीत राहणारे घाण्यावर बसलेल्या तेल्याप्रमाणे फिरतच राहतात. त्यांना शेवट सापडत नाही. निर्णयाविना सोडलेली चर्चा ही अशीच घाण्याची फेरी असते.

संख्येचा प्रश्नही आहे. आत्रेयांचे शिष्य सहा होते: अग्निवेश, भेल, जतुकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी. आजच्या महाविद्यालयात एका वर्षास साठ किंवा शंभर विद्यार्थी प्रवेश घेतात. शंभरांस एकाच वेळी सांगण्यासाठी व्याख्यानासारखा सोयीचा मार्ग नाही, हे खरे. परंतु सोय आणि परिणाम या दोन भिन्न गोष्टी होत. त्या सहा शिष्यांनाही उपदेश एकच मिळाला होता; तरी अग्निवेशाचे तंत्र प्रथम व श्रेष्ठ ठरले, आणि संहिता स्वतःच सांगते की याचे कारण बुद्धीचे वैशिष्ट्य होते, गुरूच्या उपदेशात भेद नव्हता. सहा जणांनी एकच उपदेश सहा प्रकारे ग्रहण केला असेल, तर शंभर जणांनी काय ग्रहण केले हे त्यांना बोलते केल्यावाचून कसे कळणार?

इतरांचा अनुभव

आधुनिक विद्यापीठांनीही हा मार्ग चोखाळला आहे. अमेरिकेतील हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात लँगडेल यांनी १८७० पासून व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष खटल्यांवरील प्रश्नोत्तरांची पद्धत रुजवली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने १९६९ मध्ये आपल्या पहिल्याच तुकडीपासून लहान गटांत रुग्णाच्या समस्येभोवती शिकवण्यास आरंभ केला. हीच पद्धत पुढे समस्याधारित अध्ययन या नावाने अनेक देशांत गेली.

२०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गातील विद्यार्थी अनुत्तीर्ण होण्याचे प्रमाण, वर्गात सक्रिय सहभाग घेणाऱ्यांच्या सुमारे दीडपट असल्याचे त्यात आढळले. हे विषय वैद्यकाचे नव्हेत, म्हणून हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि त्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. २०१९ साली हार्वर्ड येथेच पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात एक मार्मिक गोष्ट दिसून आली. सहभागाच्या वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना मात्र आपणास पुष्कळ समजले असे वाटत होते. उत्तम वक्त्याचा तास संपल्यावर वर्गात जी तृप्ती पसरते, ती ज्ञानाची असतेच असे नाही. चर्चेनंतरची अस्वस्थता पुष्कळदा अधिक मोलाची असते.

आपल्या देशात धोरणानेही हे मान्य केले आहे. १९८८ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरु-शिष्य परंपरेने थोड्या शिष्यांना अनुभवी वैद्यांकडे शिकण्याची वाट करून दिली. २०२० च्या कायद्याने भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला आणि त्याच्या २०२२ च्या नियमावलीनंतरच्या अभ्यासक्रमात व्याख्यानाचे तास व व्याख्यानेतर तास वेगवेगळे दाखवलेले आहेत. रुग्णाधारित व समस्याधारित अध्ययनाचा उल्लेख त्यात आहे. म्हणजे कागदावर जागा झालेली आहे. ती जागा भरणार कशाने, हा खरा प्रश्न आहे; आणि येथेच व्यवसायी वैद्याचा संबंध येतो. चर्चेस रुग्ण लागतो, द्रव्य लागते, आणि दोन्ही आपल्यापाशी आहेत.

एक उदाहरण: चिखल्या

आपल्या परिसरातील एक साधा विकार घेऊ. आषाढ-श्रावणात भातलावणीच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'अलस' म्हणून जो विकार वर्णिला आहे, तो हाच: दूषित चिखलाच्या संपर्काने बोटांच्या बेचक्या ओलसर होतात, तेथे कंडू, दाह व वेदना होतात. वर्गात हा विषय कसा शिकवला जातो? क्षुद्ररोगांची संख्या चव्वेचाळीस, त्यांची यादी, त्यांत अलस अमुक क्रमांकाचा, लक्षणे अशी, चिकित्सा अशी. पाच मिनिटांत अलस संपतो आणि पुढील रोग सुरू होतो. विद्यार्थ्याच्या वहीत काहीही चूक नसते.

आता हाच विषय दहा विद्यार्थ्यांच्या गटापुढे प्रश्न म्हणून ठेवा. खडवलीजवळच्या शेतावर रोजाने लावणी करणारी, पन्नाशीची स्त्री. दोन आठवडे पाय चिखलात. आता चालवत नाही. पहिला विद्यार्थी अलसाचे निदान करील व लेप सांगेल. दुसरा म्हणेल, चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन, म्हणून चिखलात जाणे बंद करावे. तिसरी विद्यार्थिनी, जी बहुधा शहापूर किंवा मुरबाडच्या शेतकरी घरातील असेल, ती विचारील की उद्याचा रोज कोण देणार? लावणीचे दिवस संपल्यावर काम नाही. निदानपरिवर्जन जेथे अशक्य, तेथे वैद्याने काय करावे? चौथा विचारील की एवढ्या वयात व्रण भरत नसेल तर प्रमेहाची परीक्षा केली का? पायाची संवेदना पाहिली का? पाचवा म्हणेल की लेप रात्री लावावा, सकाळी तेलाचा थर देऊन कामावर जाऊ द्यावे; त्यावर सहावा विचारील की ओल्या, कुजलेल्या त्वचेवर तेल उपकारक की अपकारक, आणि का? येथे दोष-दूष्यांचा विचार, स्निग्ध-रूक्षाचा विचार, रोगिबल, देश, काल, सर्व काही ओघाने येते. आचार्य शेवटी बोलतील, निर्णय देतील आणि कोणता प्रश्न उघडा राहिला तेही सांगतील. या तासास पाऊण तास लागेल. यादीतील इतर क्षुद्ररोग त्या दिवशी होणार नाहीत. तथापि या दहा जणांपैकी कोणीही पुढे आयुष्यात मधुमेही रोग्याचा पाय न तपासता लेप देणार नाही. आमच्या मते हा सौदा स्वस्त आहे.

औषधनिर्मात्यांचा संबंध

या प्रश्नात औषधनिर्मात्यांचे काय काम, असे कोणी विचारील. त्यांनी ब्राह्मीचे उदाहरण आठवावे. वर्गात ब्राह्मी मेध्य आहे असे सांगितले जाते आणि विद्यार्थी ते लिहून घेतो. शास्त्रीय ग्रंथांत ब्राह्मी आणि मंडूकपर्णी ही स्वतंत्र द्रव्ये आहेत. आज पहिली बॅकोपा आणि दुसरी सेंटेला म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात मात्र गोल पानांच्या मंडूकपर्णीलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात आणि बाजारातही पुष्कळदा तीच येते. शंखपुष्पीच्या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळली जाते. रास्ना कोणती, याचे उत्तर उत्तरेत एक आणि दक्षिणेत दुसरे मिळते. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांच्या सालींची व बियांची गल्लत तर आपल्या अनेक औषधनिर्मात्यांनी स्वतः हाताळलेली आहे.

यातील एकेक प्रश्न म्हणजे तद्विद्यसंभाषेचा तयार विषय आहे. द्रव्यगुणाच्या अध्यापकाने व्याख्यानात हे सांगितले तरी विद्यार्थी ते संदिग्ध द्रव्यांची यादी म्हणून पाठ करतो. हेच दोन सालींचे तुकडे टेबलावर ठेवून, रंग, चव, भंग, वास यांवरून कोणती साल कोणती हे ठरवा व कारण द्या, असे सांगितले तर तो विषय त्याच्या हातात उतरतो. उद्या हाच स्नातक तुमच्या औषधाची मागणी लिहिणार आहे. त्याला साल ओळखता आली तर तो तुमच्या चांगल्या मालाची किंमत ओळखील; आली नाही तर तो सर्वांत स्वस्त पुडी घेईल. प्रामाणिक औषधनिर्मात्याचे हित सुशिक्षित वैद्यातच आहे.

चर्चेचे नियम

चर्चा म्हणजे मोकळे रान नव्हे. विमानस्थानात संभाषेचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन भेद केले आहेत. पहिली मैत्रीची, दुसरी जिंकण्यासाठीची. ज्याच्याशी संधायसंभाषा करावी तो ज्ञानी असावा, उत्तर-प्रत्युत्तर देण्यास समर्थ असावा, कोपिष्ट नसावा, मत्सरी नसावा, समजावणारा व समजून घेणारा असावा. अशा व्यक्तीशी निर्धास्तपणे बोलावे, निर्धास्तपणे विचारावे, पराभवाच्या भयाने कचरू नये, जिंकल्यास फुशारकी मारू नये, मोहाने एकच बाजू धरून बसू नये, असा आचार्यांचा उपदेश आहे. आजच्या शिक्षणतज्ज्ञांनी लिहिलेल्या चर्चावर्गाच्या कोणत्याही नियमावलीपेक्षा तो अपुरा नाही. विद्यार्थ्यांच्या वर्गात संधायसंभाषाच असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. विगृह्यसंभाषेचे डावपेच संहितेत आहेत, त्यांचा अभ्यास जरूर व्हावा. पण सहाध्यायीस खाली पाहावयास लावण्यासाठी ते वर्गात वापरले जाऊ नयेत.

त्याच अध्यायात चव्वेचाळीस वादमार्ग सांगितले आहेत. त्यांतील प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त, उपनय व निगमन एवढी पाचच पदे घेऊन विद्यार्थ्यास रुग्ण मांडावयास सांगितले, तरी त्याच्या बोलण्यास शिस्त येते. 'हा आमवात आहे' ही प्रतिज्ञा झाली. कशावरून, हा हेतू. असे दुसरे कोठे पाहिले, हा दृष्टान्त. तो या रोग्यास कसा लागू पडतो, हा उपनय. आणि म्हणून काय, हे निगमन. जो विद्यार्थी ही साखळी पूर्ण करू शकत नाही, त्याला आपले निदान कोठे तुटते ते स्वतःच दिसते. त्यास कोणी नापास करावे लागत नाही.

आमची सूचना

अभ्यासक्रम बदलणे आपल्या हाती नाही. आपली संध्याकाळ आपल्या हाती आहे. खडवली हे कसारा मार्गावरील मधले स्थानक. कल्याणहून येणाऱ्यास आणि शहापूरकडून येणाऱ्यास सारखेच सोयीचे. येथे महिन्यातून एकदा, दवाखाने बंद असण्याच्या दिवशी, तद्विद्यसंभाषेची बैठक घ्यावी आणि परिसरातील पदवीच्या विद्यार्थ्यांस व आंतरवासितेतील स्नातकांस तीत बोलवावे, असा प्रस्ताव आम्ही सभासदांपुढे ठेवत आहोत. त्याची चौकट पुढीलप्रमाणे असावी.

एका गटात दहा-बाराहून अधिक जण नसावेत. अधिक आले तर दोन गट करावेत. विषय पंधरा दिवस आधी कळवावा आणि संहितेतील संबंधित स्थळ सर्वांनी वाचून यावे. न वाचता आलेल्याने त्या दिवशी केवळ ऐकावे. रुग्णाची हकीकत त्याच्या संमतीने व नावगाव वगळून मांडावी. वयाने सर्वांत लहान असलेल्याने प्रथम बोलावे आणि सर्वांत ज्येष्ठाने शेवटी. प्रत्येकास एकदा बोलण्याची संधी मिळाल्यावाचून कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. मागच्या बाकावरील मितभाषी विद्यार्थिनीचा प्रश्न या एका नियमाने पुष्कळसा सुटेल. औषधनिर्मात्यांपैकी एकाने प्रत्येक बैठकीत एक कच्चे द्रव्य आणावे, शक्य तर त्याची भेसळही सोबत आणावी. बोलण्याची भाषा मराठी असावी; वर्गात श्लोक संस्कृतात आणि संज्ञा इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी ज्या भाषेत रोग्याशी बोलणार आहे, त्या भाषेत त्याने विचार करून पाहावा. आणि शेवटी इतिवृत्त लिहावे, ज्यात निर्णयाबरोबर विरुद्ध मतेही नावानिशी नोंदवली जावीत, जशी ती भद्रकाप्याची नोंदवली गेली.

यास खर्च फारसा नाही. ज्येष्ठ वैद्यांस मात्र एक किंमत द्यावी लागेल. तरुणांसमोर आपल्या चिकित्सेवर प्रश्न विचारले जातील आणि त्यांतील काहींचे उत्तर आपल्यापाशी नसेल. वीस वर्षे एकट्याने दवाखाना चालवलेल्या वैद्यास हे जड जाते, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु मरीचीच्या प्रश्नाने वार्योविद लहान झाला नाही; त्या प्रश्नामुळेच त्याचे उत्तर संहितेत राहिले.

१९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ साली आणि मुंबईत वरळीला पोदार महाविद्यालय १९४१ साली उभे राहिले. त्या पिढ्यांनी आयुर्वेदास सभा दिली, इमारती दिल्या, पदवी दिली. त्या इमारतींत सभेचा आवाज परत आणणे हे आता आपल्या वाट्यास आलेले काम आहे, आणि त्याचा प्रारंभ महाविद्यालयाची वाट न पाहता आपल्या दवाखान्यातील एका बाकावर होऊ शकतो. सभासदांनी या प्रस्तावावर आपली अनुकूल वा प्रतिकूल मते, कारणांसह, जरूर कळवावीत. प्रतिकूल मतांचे आम्ही विशेष स्वागत करू. कारण चर्चेची बाजू घेणाऱ्यांनी चर्चेस भिऊन कसे चालेल?